पंपघरातला ओ

कमलाकरने मला फसवलं. मी लिहिलेल्या शेलमधली एक ओळ त्याने काढून टाकली, माझं नाव मात्र जागच्या जागी ठेवलं, आणि तो प्रोग्रॅम खालापूरजवळच्या एका कारखान्यात नेऊन बसवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आठवणी निघतील, आणि आठवणी निघाल्या की माझा आवाज खाली येतो. सौद्यात आवाज खाली आला की माणूस हरतो, एवढं मी धंदा करून शिकले आहे.

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. बंद पडलेल्या कारखान्यांतले पंप, मोटारी, झडपा, कधी आख्खी कंट्रोल रूम मी उचलते, दहिवलीच्या माझ्या गाळ्यात आणते, साफ करते आणि पुन्हा विकते. दिवाळीनंतर त्या कारखान्यातून फोन आला. दोन जुने पंप काढायचे होते, बघून भाव सांगायचा होता. मी गेले. तोंडावर नाराजी ठेवून, मनात आकडा जुळवत कंट्रोल रूममधून चालले होते. दुपारची पाळी बदलत होती. चष्मेवाल्या ऑपरेटरने लॉगिन केलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दोन मराठी ओळी उमटल्या. पहिलीत लिहिलं होतं, हाक दिल्याशिवाय झडप उघडत नाही. दुसरीत माझं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट.

ते नाव त्या आडनावाने आता कोणी घेत नाही.

ऑपरेटरने हुकूम टाइप केला: झडप चार, उघड. पडद्यावर आलं: हाक, चार नंबर. आणि त्याचं बोट कीबोर्डवरून उचललं जायच्या आत त्याखाली आलं: ओ.

एवढ्या लवकर ओ येऊ शकत नाही. ओ देणाऱ्या पंपघरातल्या माणसाला नुसती मान वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही गेला नव्हता.

"पंपघरात कोण आहे?" मी विचारलं.

"असेल कोनतरी," तो म्हणाला. "मॅडम, तुमचे पंप तिकडं हायेत."

मला पंप दिसेनात. मला मोहोपाडा दिसत होतं.

मोहोपाड्याच्या त्या कारखान्याचा वास मला आजही नाकात आणता येतो. सकाळी कॉस्टिकचा, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याचा, साबणासारखा, पण आत जाऊन टोचणारा. दुपारी तापलेल्या पत्र्यांचा. वारा पाताळगंगेकडून फिरला की ओल्या पेंढ्याचा. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार लावलं की हे सगळे वास तुटायचे आणि फक्त प्रिंटरच्या रिबिनीचा शाईचा वास उरायचा. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवघरात जावं तसं. लाद्या इतक्या गार की दुपारपर्यंत पावलं निळी पडायची. कपाटाएवढं युनिक्सचं मशीन एका कोपऱ्यात घुमत असायचं. मी बावीस वर्षांची होते. माझं काम आकडे भरायचं. सगळे मला 'टायपिस्ट बाई' म्हणायचे आणि मी प्रत्येकाशी भांडायचे.

खिडकीच्या काचेतून लांब पंपघर दिसायचं. तिथे नामदेवदादा होता, डोंगराखालच्या वाडीतला. काटक, कमी बोलणारा, कानावर विडी ठेवणारा. कारखान्यात विडी पेटवायला बंदी होती म्हणून ती दिवसभर कानावरच राहायची. मशीन येण्याआधी झडपा हाताने फिरवायच्या. आणि फिरवण्याआधी हाक द्यायची. ही रीत कुठल्या साहेबाने घालून दिलेली नव्हती. ती आमच्या शेतातली. आमच्याकडे भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. वरच्या खाचराचा बांध फोडून पाणी खाली सोडायचं, तर आधी खालच्याला ओरडून सांगायचं, "पानी सोडतो रं!" खाली कोणी वाकून आवण लावत असेल, रोपांच्या मुठी बांधावर पडल्या असतील, तान्हं पोर निजवलेलं असेल. खालून "ओ!" आल्याशिवाय फावडं उचलायचं नाही. ओ आला नाही तर थांबायचं, पुन्हा हाक द्यायची, नाहीतर स्वतः उतरून बघून यायचं. कारखान्यातली निम्मी माणसं याच खाचरांतून आलेली. त्यांनी पाण्याच्या जागी कॉस्टिक धरलं आणि रीत तीच ठेवली. दिवसभर त्या आवारात हाका ऐकू यायच्या. "चार नंबर सोडतो रं!" "ओ!" लांबून ऐकलं तर वाटावं, आवणीच चालली आहे.

मग मशीन आलं, झडपांना वायरी लागल्या, आणि हाका बंद झाल्या. गार खोलीत बसलेला माणूस हुकूम टाइप करायचा आणि तिकडे झडप उघडायची. काचेच्या आतून हाक मारून ती बाहेर जात नव्हती.

नामदेवदादाच्या पायाचं काय झालं ते मी लिहिणार नाही. गमबूट कात्रीने कापून काढावा लागला, एवढंच. हुकूम मी टाइप केला नव्हता. पण मी त्याच खोलीत होते, शेजारच्या खुर्चीत, आकडे भरत. त्याची हाक काचेतून आत आली नाही. तोंड उघडलेलं मात्र दिसलं. ते उघडं, बिनआवाजाचं तोंड मला अजून दिसतं. ताटावर बसलेली असताना दिसतं.

त्यानंतर मला त्या खोलीत बसायची भीती वाटू लागली. कोणी कीबोर्डला हात लावला की माझे डोळे काचेकडे जायचे.

कमलाकर माझ्यासोबत त्याच खोलीत होता. डिप्लोमा झालेला, कर्जतचा, हसरा, सी भाषा येणारा. त्याच्याच पुस्तकावरून मी ती शिकले, जेवणाच्या सुट्टीत, पानांना तेलकट बोट लागू न देता. मी त्याला म्हटलं, हाक मशीनमध्ये घालता येईल का? तो म्हणाला, झडपेच्या प्रोग्रॅममध्ये घालू. मी म्हटलं, नको. ऑपरेटर दहा-दहा हुकूम एका फाइलीत लिहून ठेवतात, पळवाटा काढतात. हाक अशा जागी पाहिजे की जिथून सगळ्यांना जावंच लागेल. ती जागा म्हणजे शेल. माणूस जे टाइप करतो ते वाचून मशीनला कामाला लावणारा मधला सांगकाम्या. त्याला टाळून कोणी पुढे जाऊ शकत नाही.

पण मशीनवाल्यांनी दिलेलं शेल म्हणजे झाळून बंद केलेला डबा. आत काय लिहिलंय ते दिसायचं नाही, मग बदलायचं कसं? कमलाकरला माहीत होतं की दुसरं एक शेल आहे, ज्याचा सोर्स कोड कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. तो कर्जतच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे सीडीवर होता. कमलाकर दोनदा जाऊन हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा मी गेले.

"सीडी बाहेर जानार नाय," सर म्हणाले.

"बाहेर नकोच. फ्लॉपीवर उतरवून द्या."

"फुकट?"

"फुकट वाटायचीच वस्तू आहे ना ती?"

"वस्तू फुकट हाय. माझी वीज फुकट नाय, माझा वेळ फुकट नाय."

मी उठायचं नाटक केलं. दारात थांबून विचारलं, "सर, यंदा पोपटी खाल्लीत का?"

सरांचा चेहरा बदलला. "कोनाच्या शेतातली?"

"आमच्या. लोधिवलीची. वालाच्या शेंगा आत्ता भरल्यात."

"नुसत्या शेंगा?"

"अंडी."

"कोंबडी?"

"फ्लॉप्या किती लागतील?"

"दोन. एखादी खराब निघाली तर तिसरी."

"मग तिसरीची अर्धी कोंबडी."

सर हसले आणि मशीन चालू केलं. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, पण एवढा चविष्ट एकही नाही. त्या रविवारी उन्हं कलताना आमच्या शेतात पोपटीचं मडकं लावलं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, खडे मीठ, वर पुन्हा पाला, मडकं उपडं, भोवती गवत आणि काटक्या. भांबुर्डा तापला की त्याचा कडवट, औषधी वास सगळ्या शिवारावर पसरतो. सर पाटावर बसल्यासारखे बांधावर बसले होते, कमलाकर बोटं भाजून घेत शेंगा सोलत होता, आणि माझ्या पिशवीत तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेल्या तीन फ्लॉप्या होत्या. दमट हवा लागू नये म्हणून तांदळात. पुढे कितीतरी दिवस त्या फ्लॉप्यांना तांदळाच्या कोंड्याचा वास यायचा.

आता भांबुर्डा तण म्हणून फवारणीने मरतो. आमचं ते शेत एका फार्महाऊसच्या कुंपणात गेलं. सरांच्या क्लासच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात.

सोर्स मी छापून घेतला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद. प्रिंटर दिवसभर किरकिरत होता. तो गठ्ठा मी घरी आणला आणि ओटीवर अंथरला. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत शेल. आई त्यावरून ओलांडून जाताना साडी उचलून धरायची. मी पोटावर झोपून पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग हळूहळू वाटा कळू लागल्या: हुकूम कुठून आत येतो, त्याचे शब्द कुठे तोडले जातात, तो कुठल्या दारातून बाहेर पडून कामाला लागतो. अनोळखी देशांतल्या माणसांनी लिहिलेलं ते गाव मला पाठ झालं. मध्येच एखाद्याने शेरा मारलेला असायचा, हे असं का करावं लागतंय ते मलाही नीट कळलेलं नाही. मला त्या माणसाला भेटावंसं वाटायचं.

सोर्सच्या आधी परवान्याची पानं होती. ती मी शब्दकोश घेऊन वाचली, कारण करार न वाचता सही करणाऱ्यातली मी नाही. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: हे घ्या. बदला. दुसऱ्याला द्या. पण बदललंत तर त्या फाइलीवर ठळक लिहा, की तुम्ही बदललं आणि कोणत्या तारखेला. आणि ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला त्याचा सोर्सही मिळाला पाहिजे. मी दोनदा वाचलं, कुठे खोच सापडते का बघितलं. सापडली नाही. इतका सरळ सौदा मी त्यानंतर पाहिलेला नाही.

साठ ओळी लिहायला मला सगळा उन्हाळा लागला. भीती सारखी वाटायची. शेल चुकलं तर लॉगिनच होणार नाही, सगळा कारखाना दाराबाहेर. म्हणून एका टर्मिनलवर, एका पडदा-कीबोर्डवर, जुनं शेल उघडं ठेवायचं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियम मी केला. पहिल्या दिवशी तरी चूक झालीच. माझं शेल झडपेच्या हुकमालाच नव्हे तर प्रत्येक हुकमाला हाक द्यायला लागलं. फाइलींची यादी मागितली तरी हाकेसाठी पंपघरात नव्याने बसवलेल्या टर्मिनलची घंटा वाजायची. थोड्या वेळाने नामदेवदादा लंगडत, धापा टाकत दारात आला. चपला काढायच्या असतात म्हणून उंबऱ्यातच थांबला.

"बाय, सारखी घंटा काय वाजवतंस? आरती चाललीय का तुमची?"

कमलाकर हसून हसून खुर्चीवरून घसरला. मीही हसले. आणि हसता हसता रडू आलं, कारण घंटा वाजली आणि तो आला होता. हाक पोचत होती.

नामदेवदादाला वाचता येत नव्हतं. त्याच्या टर्मिनलच्या एका कळीवर मी माझं लाल नेलपॉलिश लावून दिलं. घंटा वाजली की उठायचं, पाइपाच्या तोंडाशी कोणी नाही ना, पाइपातली गाळणी साफ करायला उघडलेली नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं, आणि मग लाल कळ दाबायची. दाबताना तो मोठ्याने "ओ!" म्हणायचा. तिथे ऐकायला कोणी नसायचं. काचेतून मला त्याचं उघडलेलं तोंड दिसायचं, आणि त्याच वेळी पडद्यावर ओ उमटायचा. ती दोन अक्षरं, ओ आणि एच, येईपर्यंत मी श्वास घ्यायचे नाही.

लॉगिन केल्यावर जे दोन ओळींचं पान येतं ते कमलाकरची कल्पना. "नाव तुझं टाक," तो म्हणाला होता. "उद्या चुकलं तर तुलाच धरतील." आम्ही दोघं हसलो होतो.

आणि आता माझी चूक. ती लपवली तर पुढच्या मागणीला अर्थ नाही. गणपतीत आमच्याकडे कारखान्यात माणूस राहत नाही. त्या पाच दिवसांत पाइपांतून नुसतं पाणी फिरवायचे, धुण्यासाठी. पंपघरात कोणी नाही, म्हणजे ओ नाही, म्हणजे शेल वाट बघत बसणार. नामदेवदादा दारात उभा राहून डोक्याला हात लावून म्हणाला, "बाय, मंग मी घरी जाऊ का नको? पोरं वाट बघत्यात." मी विरघळले. शेलमध्ये एक मागचं दार केलं. सणाची एक फाइल बनवली, की शेल स्वतःच ओ देईल. त्याखाली एक ओळ लिहिली: फाइल नसेल किंवा तिला पाच दिवस झाले असतील तर सण संपला, पुन्हा माणसाची वाट बघ. एवढी एक ओळ. माणूस विसरतो, फाइल काढायची राहते, म्हणून ती ओळ. गौरी-गणपती गेले की सहाव्या दिवशी शेल आपणहून शहाणं व्हायचं, आणि मग पंपघरातून पहिल्यांदा खरा ओ यायचा. मला तो ऐकू यायचा, काचेतूनसुद्धा.

अशी चूक दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाने केली नसती. आम्ही सणासाठी काहीही उघडं ठेवतो.

पुढे तो कारखाना बंद पडला. कमलाकर फ्लॉप्या घेऊन गेला, मी कागद घेऊन गेले. कागद उधईने खाल्ला. नामदेवदादाही गेला, म्हातारा होऊन, घरी. मला वाटलं, संपलं.

त्या दिवशी, दिवाळीनंतर, मी पंप तसेच सोडून पंपघराकडे चालत गेले. आत आवाज इतका की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. गाळणीचं झाकण उघडलेलं होतं आणि त्यात कोपरापर्यंत हातमोजा घातलेला हात होता. मास्क वर झाला.

"आत्या? तू हितं कशी?"

सोनाली. माझ्या भावाची मुलगी. रसायनीला कुठल्यातरी कंपनीत लागली असं वहिनी म्हणाली होती. मी नीट ऐकलंच नव्हतं. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"अगं, काय करतंस? झाकण उघडं हाय."

"घंटा कुठे आहे? टर्मिनल कुठे आहे? ओ कोण देतं?"

"कसला ओ? तो कंप्युटरच देतो. आमाला काय करायचं नसतं."

"मग तुला कळतं कसं, की झडप उघडणार आहे?"

"फोन करतात की. आणि मी कंट्रोल रूमच्या काचेकडं बघते, आतला मानूस आंगठा दाखवतो." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आत्या, दंड सोड माझा. बस जरा."

मी कंट्रोल रूममध्ये परत गेले. आवाज चढवला, मॅनेजरला बोलावलं, ऑपरेटरला सणाची फाइल शोधायला लावली. मनात म्हणत होते, फाइल सापडू दे, काढायची राहिली असू दे. फाइल काढली की शेल पुन्हा वाट बघायला लागेल. फाइल नव्हतीच. मी म्हटलं, पाण्याच्या लाइनची एखादी झडप उघडून दाखवा. त्याने दाखवली. ओ आला, लगेच. म्हणजे ते दार कोणीतरी कायमचं उघडून ठेवलं होतं. फाइल आहे का, तिला पाच दिवस झाले का, हे बघणारी ती ओळच नाही. त्या शेलमध्ये वर्षभर सण होता.

कमलाकरचं ऑफिस चौकला आहे. काचेचं दार, आत चपला घालून जायची परवानगी.

"अगं, ये ये! केवढ्या वर्षांनी!"

"पाच दिवसांची ओळ कुठाय?"

"चहा तरी घे आधी."

"कमळ्या, ओळ कुठाय?"

त्याने पेन खाली ठेवलं. "गिऱ्हाइकाला परवडत नव्हतं गं. पंपघरात ओ द्यायला मानूस म्हणजे तीन पाळ्यांना तीन मानसं. आनि सण कोनी चालू केला? तूच ना? मी फक्त तो संपू दिला नाय."

हे त्याने हसत सांगितलं. मला टेबल उलटं करावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात धरून बसले.

"मग माझं नाव का ठेवलंस?"

"तुझंच काम होतं. श्रेय नको का तुला?"

"सोर्स दे."

"हार्ड डिस्क गेली."

"बदलताना फाइलीवर तुझं नाव घातलं होतंस? तारीख?"

"कोन बघतंय गं ते!"

"पंपघरात माझी भाची आहे. सोनाली."

त्याने पेन पुन्हा उचललं. मग हळूच म्हणाला, "तिला दुसरीकडं लावून देऊ का?" आणि त्या क्षणी मला कळलं की तो सगळं जाणून आहे. ज्याला धोका माहीत नसतो तो असं विचारत नाही.

सोनाली दुसरीकडे जायला तयार नाही. "मी गेली तर तिथं दुसरी कोन येईल ना आत्या, तिला हे ठावं नसेल," ती म्हणाली. ती आता झाकण उघडण्याआधी ओरडते, काचेकडे बघून हात हलवते, अंगठा येईपर्यंत थांबते. तिच्या मास्कमागचं तोंड मला दिसत नाही.

मी आठवडाभर गाळ्यात बसून त्या साठ ओळी पुन्हा लिहिल्या. आता शेलचा सोर्स मिळवायला मडकं लावावं लागत नाही. बसल्या जागी, चहा गार व्हायच्या आत उतरतो. फार वाढलंय ते गाव, नव्या गल्ल्या झाल्यात, पण हुकूम ज्या दारातून बाहेर पडतो ते दार तिथेच आहे. मी चष्मा लावून ते शोधलं. माझी हाक तिथे बसवली. सणाचं दार या वेळी केलं नाही. फाइलीच्या माथ्यावर माझं नाव लिहिलं, तारीख लिहिली, काय बदललं ते लिहिलं. जुन्या मशीनवर दहादा चालवून पाहिलं. ओ येत नाही तोवर झडप उघडत नाही.

तो प्रोग्रॅम घेऊन मी मॅनेजरकडे गेले. फुकट देते म्हटलं. मी, जिने आयुष्यात कोणाला नट-बोल्ट फुकट दिला नाही. ते म्हणाले, "मॅडम, सिस्टीमला सप्लायरशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि आमच्या रेकॉर्डला तर हे शेल तुमचंच आहे. तुमचं नाव येतं ना रोज पडद्यावर? तुमचंच चालू आहे, मग तुम्हाला बदलायचं कशाला? सप्लायरने लिहून द्यावं की त्यात काही काढलेलं आहे, मग बघू."

सप्लायर म्हणजे कमलाकर. त्याने लिहून दिलं तर काढणारा तो ठरतो. म्हणून तो लिहून देत नाही. फोन उचलत नाही. चौकला गेले तर साहेब साइटवर असतात.

दररोज तीन वाजता पाळी बदलते. मी कुठेही असले, कोणाशी भावावरून हुज्जत घालत असले, तरी तीनच्या सुमारास माझी जीभ अडते. समोरच्याला वाटतं, बाई नरम आली. तेवढ्या वेळात तिकडे लॉगिन होत असतं, माझं नाव उमटत असतं, आणि माझ्या नावाखाली, कोणीही न दिलेला ओ.

कमलाकर, आपल्या दोघांना ओळखणारं कोणीतरी हे तुझ्यापर्यंत पोचवेल. तुझी हार्ड डिस्क गेली असेल, हात शाबूत आहे. एका कोऱ्या कागदावर लिही: ती ओळ मी काढली, अमुक तारखेला काढली, अमुक माणसाच्या सांगण्यावरून काढली. खाली सही कर आणि तो कागद त्या मॅनेजरच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेव. नाहीतर एक दिवस तीन वाजता त्या पंपघरात जाऊन गाळणीत हात घाल, काचेकडे पाठ कर, आणि तिथून मला सांग, की आत्ता जो ओ आला तो कोणी दिला.